नाईटस्टँडमधलं पिस्तूल आणि "सरकार कोण सांगणारं?"

नोव्ही, मिशिगनहून एका आईचं पत्र आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, आम्ही सतरा वर्षं अमेरिकेत आहोत, २०१९ ला सिटिझन झालो. २०२० च्या उन्हाळ्यात ह्यांनी नाईन एमएमचं पिस्तूल घेतलं. तेव्हा एशियन लोकांवर हल्ल्याच्या बातम्या रोज यायच्या, आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, दोन घरफोड्या झालेल्या, खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं होतं. ते भरलेलंच असतं, ह्यांच्या बाजूच्या नाईटस्टँडच्या ड्रॉवरमध्ये. मागच्या महिन्यात शाळेकडून ईमेल आला की घरात गन असेल तर लॉक करून ठेवा, स्टेटचा कायदा आहे, फ्री लॉक मिळतात वगैरे. मी तो ह्यांना फॉरवर्ड केला आणि घरात रामायण झालं. आज कुलूप लावा म्हणतात, उद्या यादी करतील, परवा दारात येऊन घेऊन जातील, माझ्या बेडरूममध्ये काय ठेवायचं हे सांगणारं सरकार कोण, असं सगळं. शूटिंग रेंजवरचे मित्रही असंच बोलतात. आणि रात्री कुणी घुसलं तर काय चोराला थांब म्हणून किल्ली शोधू? लेक चौदाचा आहे, नाइन्थला. हे म्हणतात त्याला माहीतच नाहीये गन कुठे आहे. तसा तो सध्या आपल्यातच असतो, सप्टेंबरपासून स्विमिंगही सोडलंय, दार लावून बसतो, वयच तसं. मी ह्यांना पटवू कसं? की गपचूप उचलून लपवून ठेवू? की सरळ पोलिसांना सांगू?"

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नांची उत्तरं देते कारण ती घाईची आहेत. गपचूप उचलू नकोस. तुला ते हाताळायची सवय नाही, ते भरलेलं आहे, आणि शिवाय जिथे लपवशील तिथे फक्त तुझ्या नवऱ्याला सापडणार नाही, चौदा वर्षांच्या मुलाला सापडेल. पोलिसांचं नंतर बोलू, आज त्याची गरज नाहीये.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. तू ती "वयच तसं" म्हणून सोडून दिलीस आणि मी तिथेच अडकून बसलेय. सप्टेंबरपासून स्विमिंग सोडलंय, दार लावून बसतो. असेल, वयच असेल, दहातल्या नऊ घरांत असतंच. पण ज्या घरात ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल आहे त्या घरात "असेल" वर सोडता येत नाही गं. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त हे आत्महत्येचे असतात, बातम्यांत दिसतात ते गोळीबार त्यामानाने कमी. आणि बाकी मार्गांनी प्रयत्न केलेली बहुतेक माणसं वाचतात, पुढे छान जगतातही, पण बंदूक हातात आली तर दहातले नऊ वाचत नाहीत. मुलांच्या मनात अशी लाट येते आणि कित्येकदा थोड्या वेळात ओसरतेही, त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. म्हणून मी तुला चोराबद्दल, कायद्याबद्दल सगळं सांगणारच आहे, पण हे पत्र माझ्यासाठी चोराबद्दल नाहीये, तुझ्या लेकाबद्दल आहे.

आणि "त्याला माहीतच नाहीये" हे तर सोडूनच दे. अमेरिकेतच आईबाप आणि मुलांना वेगवेगळं बसवून हाच प्रश्न विचारलाय, २००६ मध्ये तो अभ्यास छापून आला. जे आईबाप छातीठोकपणे म्हणाले की मुलांना जागा माहीत नाही, त्यांच्यातल्या ३९ टक्के मुलांना जागा बरोबर माहीत होती. आपण लहान होतो तेव्हा आई दिवाळीचा चिवडा कुठल्या डब्यामागे लपवते हे आपल्याला माहीत नव्हतं का?

आता तुझा नवरा. मला वाटतं तू त्याचं म्हणणं वेडेपणा समजतेस, आणि तिथेच गाडी अडतेय, कारण तो एकटा नाहीये आणि त्याच्या बोलण्यामागे इतिहास आहे. वॉशिंग्टन डीसीमध्ये १९७६ चा कायदा होता की घरातली बंदूक कायम सुटी करून नाहीतर ट्रिगर लॉक लावूनच ठेवायची, म्हणजे स्वतःच्या बचावासाठीही ती वापरता येणार नाही असा, शेवटी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेलर केसमध्ये तो रद्द केला. २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने क्लिंटन सरकारशी लॉक वगैरे देण्याचा करार केला तर गनवाल्या गिऱ्हाइकांनी असा बहिष्कार टाकला की कंपनीचं कंबरडं मोडलं. कुलपाला इतका विरोध का, तर कुलपामागे सरकारचा हात दिसला म्हणून. आणि यादीची भीती इतकी जुनी आहे की १९८६ मध्ये खुद्द काँग्रेसनेच, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून फेडरल सरकारला गनमालकांचं रजिस्टर बनवायला बंदी घातली. तेव्हा "उद्या यादी करतील" हे रेंजवरच्या कुणीतरी काल उठून काढलेलं वाक्य नाहीये.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, इथलेच, पिढीजात शिकारी, १५ नोव्हेंबरला हरणांचा सीझन सुरू झाला की पहाटे चारला त्यांच्या ट्रकचा आवाज येतो. त्यांच्या बेसमेंटमध्ये कपाटाएवढी लोखंडी सेफ आहे, पोरं रांगायला लागली तेव्हा घेतलेली, सगळ्या रायफली त्यात, गोळ्या दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. आणि ह्याच माणसाला मिशिगनच्या नवीन कायद्याचा प्रचंड राग आहे! मला म्हणाले, तीस वर्षं मी हे कुणी न सांगता केलं, आणि आता पत्रकावर वर मोठ्ठं गन व्हायोलन्स लिहून खाली मला सांगतात की कुलूप लाव, म्हणजे मी गुन्हेगारांच्या रांगेत बसलो की नाही? मला त्यांचं म्हणणं त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. असे हजारो लोक आहेत इथे, कुलपाच्या बाजूचे पण कायद्याच्या विरोधातले, आणि सरकारी पत्रकं लिहिणाऱ्यांना हे लोक दिसतच नाहीत असं मला मनापासून वाटतं. भाषा सगळी आकडे, धोका, दंड यांची, आणि लिहिणाऱ्याने कधी बंदूक हातात धरलेली नाही हे दुसऱ्या ओळीत कळतं.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी गनमालकांना विचारलं होतं की सुरक्षित ठेवण्याबद्दल तुम्ही कुणाचं ऐकाल, २०१८ मध्ये ते छापून आलं. वरती कोण, तर पोलिस, शिकारी लोकांचे गट, सैन्यातले लोक, आणि गनमालकांची संघटना नॅशनल रायफल असोसिएशन. डॉक्टर पार खाली आणि सेलिब्रिटी त्याहून खाली. आणि त्याच सर्व्हेत ५४ टक्के मालक म्हणाले की आमच्या सगळ्या बंदुका काही आम्ही कुलपात ठेवत नाही. म्हणजे शाळेचा ईमेल, आणि तोही बायकोने फॉरवर्ड केलेला, हा जितका चुकीचा रस्ता असू शकतो तितका होता. तुझी चूक नाही गं, तुला दुसरं काय सुचणार होतं.

पण जिथे जमलंय तिथे कसं जमलं ते बघ. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ मध्ये एकाच दुकानातून आठवड्याभराच्या आत तीन अनोळखी गिऱ्हाइकांनी पिस्तुलं घेतली आणि काही तासांत जीव दिला. दुकानदार हादरला. मग तो, दुसरे दुकानदार आणि आरोग्य खात्याची, आत्महत्या रोखण्याचं काम करणारी माणसं एका टेबलाशी बसली, पोस्टर बनवली, आणि ती दुकानांच्या काउंटरवर लागली. गनवाल्यांनी गनवाल्यांना सांगितलं, की दोस्त कठीण काळातून जात असेल तर दारू प्यायलेल्याच्या हातातून गाडीची चावी घेतो तशी बंदूक काही दिवस त्याच्यापासून लांब ठेव. त्यात यादी नाही, दंड नाही. पुढे बऱ्याच राज्यांत हे गेलं. तसंच बंदुका बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांची जी संघटना आहे ती १९९९ पासून प्रोजेक्ट चाइल्डसेफ नावाने फुकट लॉक वाटतेय, आतापर्यंत चार कोटींच्या आसपास वाटली असतील. म्हणजे कुलूप ही डाव्या लोकांची फॅशन आहे हे तर बरोबर नाहीच.

आता त्याचे मुद्दे. हे तुला माहीत असू दे, पण त्याच्यासमोर वकिलासारखे मांडू नकोस, एकेक करून चहा पिताना आले तर आले.

यादीचं म्हणत असेल तर, मिशिगनमध्ये २०२० साली पिस्तूल घेताना जो सेल्सचा फॉर्म भरला त्याची नोंद तेव्हाच स्टेट पोलिसांकडे गेली. ती यादी त्याला आवडो न आवडो, आहेच. कुलपाची मात्र कुठेही नोंद होत नाही. दहा डॉलरचं केबल लॉक रोख पैसे देऊन घेतलं तर कुत्रं विचारत नाही. आणि तुम्हाला तर तेही घ्यायला नको, २००५ च्या फेडरल कायद्याने दुकानदाराला प्रत्येक हँडगनबरोबर लॉक द्यावंच लागतं, म्हणजे पिस्तुलाच्या मूळ डब्यात ते असणार, प्लास्टिकच्या पिशवीत, बेसमेंटमध्ये कुठेतरी.

बेडरूममध्ये सरकार घुसतं म्हणत असेल तर, १३ फेब्रुवारी २०२४ ला लागू झालेला हा कायदा इतकाच म्हणतो की घरात अठराच्या आतलं मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर बंदूक रिकामी करून लॉक लावा नाहीतर कुलूपबंद पेटीत ठेवा. कुणी दार वाजवून तपासायला येत नाही. मुलाच्या हातात ती पडली आणि काही घडलं की मग तो कायदा जागा होतो, आणि मग मात्र भयंकर जागा होतो, मुलाने गोळी झाडली आणि कुणी गेलं तर पंधरा वर्षांपर्यंत. आणि गंमत नाही, खरंच सांगते, हेलर केसमध्ये ज्या कोर्टाने गनमालकांच्या बाजूने निकाल दिला त्याच निकालात लिहून ठेवलंय की अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे कायदे आम्ही चूक ठरवत नाही आहोत.

चोराचं म्हणणं तर मला सगळ्यात पटतं, त्याची भीती खोटी नाही. पण हा कायदा ठेवून दिलेल्या किंवा लक्ष नसलेल्या बंदुकीबद्दल आहे, अंगावर बाळगलेल्या नाही. आणि रात्रीसाठी लहान पेट्या मिळतात, पलंगाला किंवा नाईटस्टँडला बोल्ट करायच्या, चार-पाच बटणं दाबली की उघडतात, अंधारातसुद्धा बोटांना सवय होते, दोन-तीन सेकंदांचं काम. फक्त बोटाच्या ठशाच्या स्वस्त पेट्या घेऊ नका. २०२३ मध्ये अशा हजारो पेट्या सरकारने परत मागवायला लावल्या कारण त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या, एक बारा वर्षांचा मुलगा गेला त्यात. "सरकार म्हणतं कुलूप लावा पण कुलूपच धड नाही" ही गनवाल्यांची तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे.

आणि ऑक्सफर्ड. तुम्ही ओकलंड काउंटीतच राहता, तुमच्या घरापासून तासाभराच्या आत ते हायस्कूल आहे, ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्याच एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात चार मुलं गेली, तुझ्या लेकाच्या वयाची नाहीतर थोडी पुढची. त्या मुलाच्या बापाने ब्लॅक फ्रायडेला घेतलेलं पिस्तूल, चार दिवस झालेले. पुढे त्याच्या आईबापांवरच्या खटल्यात काय निघालं माहितीये? त्याबरोबर आलेलं केबल लॉक पाकिटातून बाहेरही काढलेलं नव्हतं, आणि घरात दुसऱ्या पिस्तुलांसाठी सेफ होती तिचा नंबर कंपनीने दिलेला तसाच, शून्य शून्य शून्य. सरकारी वकिलाने ज्युरीसमोर ते लॉक पिस्तुलाला लावून दाखवलं, काही सेकंदांत. आईबाप दोघांनाही २०२४ मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आणि हे लक्षात घे की घटना घडली तेव्हा हा स्टोरेजचा कायदा नव्हताच. कायदा नको म्हणून कुलूप नको हे गणित तिथेच चुकतं. हे तुझ्या नवऱ्याला माहीत असेलच, त्या काउंटीत कुणाला माहीत नाही. भीती घालायला वापरू नकोस.

माझ्या आजोबांची बाराबोर होती, राधानगरीकडे, पीक संरक्षणाच्या लायसनची, रानडुकरं उसात शिरायची म्हणून. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करावी लागायची आणि आजोबा दरवेळी तिकडे जाताना शिव्या घालायचे, लोकशाही तुमची आणि बंदूक माझी का म्हणून. सरकारवर यापेक्षा जास्त चिडलेला माणूस मी पाहिला नाही. पण तीच बंदूक रात्री शेतावरून आली की आधी मोडून नळीतून डोळा लावून बघायचे, रिकामी आहे ना, मग सागवानी कपाटात, आणि किल्ली आजीच्या कमरेच्या चंचीत, पान-सुपारीबरोबर. काडतुसं माळ्यावरच्या ट्रंकेत. आम्ही सात नातवंडं सुट्टीला तिथे असायचो, त्या कपाटाला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, आणि तरी कुलूप होतं, कारण आजी म्हणायची हिंमत आज नाही म्हणून उद्या येणार नाही असं थोडंच आहे. त्यांना कुठल्या ईमेलने सांगितलं होतं? तुझ्या नवऱ्याच्या घरीही गावाकडे कुणाची बंदूक असेल तर त्याला विचार ती कुठे असायची, आणि किल्ली कुणाकडे.

म्हणून मी काय करीन सांगते. ईमेलचा विषयच काढू नकोस. कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर व्हिटमर, कायदा, शाळा, काहीच नको. आज रात्री लेक झोपल्यावर दार लावून इतकंच म्हण, "सरकारबद्दल तुझं जे मत आहे ते तुझ्यापाशी राहू दे, मला ते बदलायचं नाहीये. मला पोराची काळजी वाटतेय. तो सप्टेंबरपासून बरा नाहीये. तो आधीसारखा होईपर्यंत ते पिस्तूल त्याच्या हाताला लागेल असं नको, एवढं माझ्यासाठी कर." आणि मग गप्प बस. तो चोराचं काढेल, यादीचं काढेल, तू वाद घालू नकोस, परत पोराकडे आण. तो बाप आहे, आणि घर सांभाळायलाच त्याने ते घेतलं होतं. तुला मदत त्याच भावनेची घ्यायची आहे.

मग त्यालाच म्हण, आत्ता काढून रिकामं कर. मॅगझिन बाहेर, चेंबर बघायचा, स्लाइड मागे, आणि केबल वरून घालून खाली मॅगझिनच्या जागेतून बाहेर, टक् करून लॉक. हे त्याने त्याच्या हाताने केलेलं बरं. शनिवारी रेंजला जाल तेव्हा दोघं त्याच्या नेहमीच्या गन शॉपमध्ये जा, आणि काउंटरवरच्या माणसाला तू विचार की घरात चौदाचा मुलगा आहे, तुमच्या घरी तुम्ही कुठली पेटी वापराल. तो जे सांगेल ते तुझ्या नवऱ्याला माझ्या दहा कॉलमांपेक्षा जास्त पटेल. नंबर वाढदिवसाचा, घराचा, गाडीचा ठेवू नका, मुलं हे सगळं आधी करून बघतात.

आणि लेकाचं जोवर कळत नाही तोवर मी तर म्हणेन पिस्तूल घरातच नको, काही आठवडे. काही दुकानं आणि काही ठिकाणी पोलिस तात्पुरतं ठेवून घेतात, आधी फोन करून विचारायचं, घेऊन थेट जायचं नाही. मित्राकडे ठेवायचं असेल तर कायद्यात बसतं का हे त्या दुकानातच विचारून घ्या. हे तुझा नवरा आधी नको म्हणेल. त्याला त्याच्या रेंजवरच्या एखाद्या जाणत्या मित्राशी बोलू दे, हे लोक यादीबद्दल जितके कडवे असतात तितकेच मुलांबद्दलही असतात, मी पाहिलंय.

लेकाशी मात्र तू बोल, तूच. गाडीत, समोर बघत, डोळ्यात डोळे न घालता मुलं जास्त बोलतात. सरळ विचार की तुला इतकं वाईट वाटतं का की जगू नये असं मनात येतं. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. त्याच्या डॉक्टरकडे ने, ते घरात बंदूक आहे का विचारतील, तेव्हा खोटं बोलू नका. ९८८ या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज केला की चोवीस तास कुणीतरी असतं, तूही करू शकतेस, काय बोलावं सुचत नाही एवढंच सांगायलासुद्धा. आणि त्याने काही करून घ्यायचं बोललं, किंवा तुझ्या पोटात गोळा आला, तर नवरा पटतोय का याची वाट बघू नकोस, त्याला घेऊन त्या रात्री मैत्रिणीकडे जा नाहीतर इमर्जन्सीत जा, ९११ कर. पोलिसांचं विचारलंस ना, ते तेव्हा.

आज घरी गेल्यावर आधी बेसमेंटमधला तो मूळ डबा शोध. लॉकबरोबर बहुतेक दोन किल्ल्या असतात. एक त्याला दे आणि एक तू ठेव, तुझ्या अंगावर.